चोळायचं औषध

"डागदर, तुमी त्या दिशी काय सांगितलं व्हतं, ते एकदा मला सांगा," ठमाबाई म्हणाली. "चोळायचं म्हनला व्हता का प्यायचं?"

ती दवाखान्याच्या पायऱ्यांखाली उभी होती. नेहमी उभी राहायची तिथंच. वर दारात लहानू कंपाउंडर औषध ओतायचं नरसाळं पुसत होता. ते कधीच पुसून झालं होतं, तरी पुसत होता.

"चोळायचं म्हणालो होतो," तो म्हणाला.

"नक्की?"

"म्हणजे काय? चोळायचं औषध चोळायचं म्हणूनच देतात."

तिनं मान हलवली. रडली नाही, भांडली नाही. "मंग माझ्याच कानाला काय झालं व्हतं, कुनाला ठावं," असं पुटपुटली, पदर नीट ओढला नि गोदावरीच्या उताराला लागली. लहानू आत येऊन स्टुलावर बसला. बाकावरचे दोन रोगी खोकून खोकून दमले, तरी तो उठला नाही.

कसा उठणार? धडधडीत खोटं बोलला होता तो. चोळायचं की प्यायचं, त्या दिवशी तो काहीच बोलला नव्हता. आणि ठमाबाईचा नवरा काळू ते औषध पिऊन मेला होता.

लहानू मखमलाबादच्या माळ्याचा पोरगा. घरची शेवंतीची नि गुलाबाची बाग, पहाटे फुलांच्या पाट्या नाशकात जायच्या. याला मात्र लहानपणापासून वेड एकच, डॉक्टर व्हायचं. बाप म्हणायचा, "लेका, आधी वाफे तर धड बांध." मॅट्रिकला इंग्रजीनं दोनदा दगा दिला, तेवढ्यात बाप गेला, आणि डॉक्टरकीची कंपाउंडरी झाली. एका शेटजींच्या धर्मार्थ दवाखान्यात त्याला तीस वर्षं होत आली होती. बायको प्लेगात गेली, मागं मूलबाळ नाही. डॉक्टर आले नि गेले, लहानू राहिला. हात असा बसलेला, की मापाकडे न बघता ओतलं तरी थेंबाचा फरक पडायचा नाही. पण गावानं त्याला 'अहो कंपाउंडर'च्या वर कधी चढवलं नाही. 'डागदर' म्हणायची ती फक्त पायरीखालची माणसं. ती चूक त्यानं कधी सुधारली नाही. खरं सांगायचं तर गोड लागायची.

महार वस्तीतल्या रोग्यांनी पायरी चढायची नाही, हा नियम शेटजींचा. त्यांनी आपली बाटली घरून आणायची, तिसऱ्या पायरीवर ठेवायची नि मागं सरायचं. मग कंपाउंडरनं वरून नरसाळ्यानं औषध ओतायचं. निळी बाटली न देण्याचा नियम मात्र खुद्द लहानूचा. चोळायचं औषध विषारी असतं, म्हणून दवाखाना ते निळ्या, उभ्या कंगोऱ्यांच्या बाटलीत द्यायचा. बोट लागलं की अडाण्यालाही कळावं, हे पोटात घ्यायचं नाही. रिकामी झाली की लोक ती परत करत. आता पायरीखाली दिलेली बाटली परत आली तर ठेवायची कुठल्या कपाटात? लहानूनं ठरवून टाकलं, तिथं निळी बाटली द्यायचीच नाही. तोंडी सांगितलं की झालं. वीस वर्षांत कुणी एका शब्दानं विचारलं नाही, आणि त्याच्याही मनाला कधी लागलं नाही.

काळारामाच्या दारात सत्याग्रह सुरू होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. देऊळ महिनोन्‌महिने बंद, फुलं विकेनात म्हणून लहानूचा भाऊ सत्याग्रहींच्या नावानं बोटं मोडायचा. लहानू त्याला समजवायचा. आपण काही कुणावर दगड उगारला नाही, आपण तर औषध देतो, तेही सगळ्यांना त्याच बरणीतलं, असा हिशोब तो मनाशी घालायचा नि शांत झोपायचा.

त्या दिवशी ठमाबाई काळूच्या गुडघ्यांसाठी औषध न्यायला आली. पायरीवर ठेवलेली बाटली तिची रोजचीच, आठच दिवसांपूर्वी तिच्यातून खोकल्याचं औषध नेलेलं. लहानूनं ओतलं. 'हे चोळायचं' म्हणायला तोंड उघडणार, तोच आतून एका वकीलसाहेबांनी हाक मारली, "अहो कंपाउंडर, माझ्या पुड्या झाल्या की नाही?" आणि हा लगबगीनं आत वळला. बस, एवढंच. ठमाबाईनं बाटली उचलली, घरी नेली, नि दोन घोट नवऱ्याच्या तोंडात घातले.

सकाळी काळूला झोळीतून आणला, तेव्हा सगळं आटोपलं होतं. डॉक्टरांनी बाटलीचा वास घेतला आणि लहानूला बाजूला नेलं. "सांगितलं होतंत ना?"

"सांगितलं होतं," लहानू म्हणाला. जीभ आपोआप वळली.

डॉक्टरांनी दाखल्यावर हृदय बंद पडलं असं लिहिलं. "म्हाताऱ्याचं हृदय कमकुवत होतंच. चार महिन्यांनी तुम्ही नोकरीतून मोकळे होणार, शेटजी सत्कार करायचं म्हणताहेत. हे आता वाढवू नका," असं म्हणाले नि हात धुवायला गेले.

लहानूनंही वाढवलं नसतं. माणूस आहे, चार महिने गप्प बसून काढले असते. पण ठमाबाई विचारून गेली त्याला पंधरा दिवस झाले असतील, तिच्याच वस्तीतली नवसाबाई तापाचं औषध न्यायला आली. बाटली ठेवून मागं सरली. सहज विचारावं तसं लहानूनं विचारलं, "ती ठमाबाई बरी आहे ना?"

"तिचं काय बरं? नवरा खाल्ला म्हनत्यात तिनं. सून चुलीपाशी येऊ देत न्हाई. तिच्या हातचं पानी बी कुनी घेत न्हाई आता."

"आणि मुलगा?"

"वाळू? त्यो तर तिच्याशी बोलतच न्हाई. आन् ती बी येडी, ज्याला त्याला सांगती, माझंच चुकलं, डागदर चोळायचं म्हनला व्हता."

नवसाबाईची बाटली भरताना लहानूच्या हातून औषध पायरीवर सांडलं. तीस वर्षांत पहिल्यांदा सांडलं. नवसाबाई म्हणाली, "असू द्या डागदर, व्हतं कदी कदी." त्यानं हातातलं नरसाळं ठेवलं, आतून कोट आणला, टोपी घातली आणि तिच्या मागोमाग पायऱ्या उतरला. आतून डॉक्टरांनी हाक मारली, तिला त्यानं ओ दिली नाही.

भर दुपारी कोट-टोपीतला माणूस वस्तीत शिरला, तसे लोक ओट्यांवरून उठले. पोलीस खात्यातलाच कुणी असावा असं त्यांना वाटलं. ठमाबाई घराबाहेर, भिंतीच्या सावलीत एकटी बसली होती. शेजारी तिचा वेगळा तांब्या, वेगळी थाळी. तिला उठून उभं राहायला वेळ लागला.

"मी सांगितलं नव्हतं," लहानू म्हणाला.

तिला कळलं नाही. घरातून वाळू दारात आला, मागं त्याची बायको सरू.

"त्या दिवशी मी काहीच बोललो नव्हतो, ठमाबाई. चोळायचं म्हणालो नव्हतो. आत हाक आली, मी गेलो. मागं तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो." जन्मात पहिल्यांदा तो तिला अहोजाहो करत होता, हेही त्याच्या ध्यानात आलं नाही. "शिवाय ते निळ्या बाटलीतून द्यायला हवं होतं. ती बाटली मीच तुम्हाला देत नव्हतो."

वाळूनं भिंतीला टेकलेली काठी उचलली. लहानू हलला नाही. मार बसला असता तर बरं झालं असतं, असंच त्याला त्या घडीला वाटत होतं.

"ठेव ती," ठमाबाई म्हणाली.

"आये, यानं बाला मारलं आन् तू..."

"ठेव म्हनते ना." ती सुनेकडे वळली. "सरू, तू ऐकलं?"

सरूनं मान खाली घातली. ठमाबाई लहानूच्या पुढं येऊन उभी राहिली. ती शिव्या देईल, नाहीतर रडेल, नाहीतर जाऊ द्या म्हणेल, यातलं काहीही सोसायला तो तयार होऊन आला होता.

"हितं बोलला, त्यानं काय व्हनार?" ती म्हणाली. "मी सगळ्यांला सांगत फिरले, माझं चुकलं म्हनून. घर न् घर. आता तुमी सांगा."

"सांगतो. सगळ्यांना बोलवा."

"बोलवायचं न्हाई. मी गेले व्हते दारोदार. तुमी बी चला."

ती पुढं, हा मागं. पहिल्या दारात तो पुटपुटला. "मोठ्यानं," ती म्हणाली. त्यानं मोठ्यानं सांगितलं. दुसऱ्या दारात एकजण थुंकला. तिसऱ्या दारातल्या बाईनं ऐकून घेतलं नि कडी लावली. हळूहळू मागं माणसं जमली, पण ठमाबाई कुणाकडे बघत नव्हती. एक घर झालं की दुसरं. आपण किती एकटे आहोत, हे लहानूला त्या गर्दीतच कळलं. उद्या ही गोष्ट गावात जाणार होती, दवाखाना जाणार होता, सत्कार जाणार होता, आणि रात्री हे सांगायला घरी कुणी नव्हतं.

नवव्या घरी एक म्हातारी ओट्यावर बसली होती. ठार बहिरी. लहानूनं दोनदा सांगितलं, तिला ऐकू गेलं नाही. तिनं त्याची बाही धरून त्याला खाली ओढला नि आपला कान त्याच्या तोंडाशी नेला.

"मी सांगितलं नव्हतं," तो तिच्या कानात म्हणाला. "ठमाबाईची चूक नाही."

म्हातारीनं बाही सोडली. ती ठमाबाईकडे वळली.

"पोरी," ती म्हणाली, "आत माठ हाय. मला पानी आन."

ठमाबाई आत गेली. भरलेला तांब्या घेऊन बाहेर आली. थोडं पाणी तिच्याच पायावर सांडलं. सगळ्या वस्तीदेखत म्हातारी तांब्यातलं पाणी शेवटपर्यंत प्यायली.

लहानूच्या घशाला कोरड पडली होती. त्यानं मागितलं नाही आणि त्याला कुणी विचारलंही नाही. ठमाबाईनं रिकामा तांब्या ओट्यावर ठेवला, पदरानं तोंड पुसलं नि ती पुढच्या दाराकडे निघाली.