विश्रांतीची वेळ नाही ना?

सुनीतीबाईंचा कशावर चटकन विश्वास बसत नसे. दुधाच्या पिशवीवरची तारीख चष्मा लावून वाचायची, नारळ कानाशी धरून हलवून घ्यायचा, आणि खडकवासल्याचं पाणी महापालिका शुद्ध करून देत असली तरी घरी पुन्हा उकळून, फडक्यातून गाळून प्यायचं. कोथरूडच्या त्यांच्या सोसायटीचा सेक्रेटरी, त्या काही विचारतील या धाकाने, त्यांना जिन्यात बघून पावलं हळू टाकायचा. अशी ही बाई खराडीच्या एका फोन कंपनीत नोकरीला लागली ती मात्र काहीही न तपासता. कारण बोलवायला आला होता यज्ञेश्वर, त्यांचा शाळेतला विद्यार्थी. स्वतः शिकवलेल्या मुलावर कोण संशय घेतं?

शाळेत वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलेलं, त्यामुळे काम अंगवळणी पडलेलंच होतं. कंपनीतली मुलंमुली रात्रपाळीला अमेरिकेत फोन लावत. त्यांनी काय बोलायचं ते इंग्रजीत लिहून द्यायचं आणि संध्याकाळी त्यांच्याकडून घोटून घ्यायचं.

या खेपेचं गिऱ्हाईक होतं ‘शुद्ध जल नागरिक मंच’. अमेरिकेतल्या एका राज्याच्या विधिमंडळात विधेयक आलं होतं, कारखान्यांनी नदीत किती रसायनं सोडावीत यावर बंधन घालणारं. मंचाचं म्हणणं असं, की या कायद्याने पाणीपट्टी वाढेल, रोजगार जातील आणि पाणी होतं तसंच राहील. फोनवर लोकांना हे पटवायचं आणि पटलं की तोच फोन थेट त्यांच्या आमदाराच्या कचेरीत जोडून द्यायचा. कचेरीतल्या माणसाला वाटावं, मतदार आपणहून कळवळून बोलतोय. बाईंची मुलगी उल्का त्याच राज्यात राहायची, पदरात तान्ही मुलगी. बाईंना बरंच वाटलं, लेकीच्या गावाचं आपल्या हातून काही भलं होतंय.

सुरुवातीला लोक दोन शब्दांत फोन आपटायचे. मग बाईंनी एक वाक्य घातलं. दुपारी एक ते चार कोणाच्या घरी फोन करू नये, करावाच लागला तर आधी विचारावं, हे त्यांच्या घरचं वळण. तेच त्यांनी इंग्रजीत उतरवलं: “ही तुमच्या विश्रांतीची वेळ नाही ना? असली तर मी नंतर करते.” अमेरिकेतल्या माणसांना हे कोणी कधी विचारलं नसावं. ती थबकायची आणि मग सगळं ऐकून घ्यायची. यज्ञेश्वरने बाईंना पेढे आणून दिले.

पेढा तोंडात असतानाच बाईंच्या मनात पाल चुकचुकली. मंच शुद्ध पाण्याचा, मग पाणी शुद्ध ठेवणाऱ्या कायद्यावर त्याचा एवढा राग का? हे आधी सुचलं नव्हतं असं नाही. पण कौतुकाच्या भरात त्यांनी ते बाजूला सारलं होतं. एकदा शंका आली म्हटल्यावर त्या थोड्याच गप्प बसणार. त्यांनी यज्ञेश्वरला गाठून विचारलं, मंचाचे सभासद किती?

“बाई, आपण फोन करतो, लोक हो म्हणतात, की झाले सभासद,” तो म्हणाला.

“आणि आपल्याला पैसे कोण देतं?”

तो जरा घुटमळला, मग वर्गात उत्तर द्यावं तसं सगळं सांगत गेला. रसायनांच्या कारखानदारांनी मिळून एक संघटना केलेली. त्या संघटनेने राजधानीतली एक फर्म नेमलेली, तिचं कामच आमदारांची मनं वळवण्याचं. त्या फर्मने हा नागरिक मंच काढला, आणि मंचाने काम दिलं खराडीला. कारखानदार स्वतः बोलला तर आमदार सावध होतो. पण मतदारसंघातल्या बायाबापड्यांचे फोन आले की तो ते मोजतो. आणि यात बेकायदा काही नाही, असं त्याने दोनदा सांगितलं.

“लाच नाही ही, बाई. आपल्याकडे टेबलाखालून चालतं, तिथे टेबलावर. रीतसर नोंद असते.”

“टेबलावर चालतं ना? मग मंचाच्या नावात पाणी कसं आलं? रसायन का नाही आलं?”

यज्ञेश्वरने घड्याळाकडे पाहिलं. नववीत गृहपाठ केलेला नसला की हा असाच फळ्यावरच्या घड्याळाकडे बघायचा, हे बाईंना आठवलं आणि त्यांना आपलीच चीड आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तिकडे संध्याकाळ असताना, त्यांनी उल्काला फोन लावला. तुमच्या जवळपास नदीकाठी एखादा कारखाना आहे का, एवढंच विचारायचं होतं. पण उल्का हळदीकुंकवाच्या गडबडीतून नुकती मोकळी झालेली, बोलायला उतावीळ.

“अगं आई, आज मोठं काम केलं आम्ही. इथे पाण्याचा एक वाईट कायदा येत होता. परवा मला एका मंचातून फोन आला, त्यांनी लगेच आमदाराच्या कचेरीत जोडून दिलं. मग आज हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीला वाण द्यायच्या आधी मी त्या कचेरीत फोन लावून दिला. सगळ्या बोलल्या. आणि आत्ताच बातमी आली, विधेयक पडलं.”

बाई खुर्चीत बसल्या.

“तू असा कोणाचाही फोन ऐकतेस?”

“नाही गं, एरवी बंदच करते. पण ती मुलगी आधी म्हणाली, तुमच्या विश्रांतीची वेळ नाही ना? इथे असं कोण विचारतं? मला एकदम तुझी आठवण आली. म्हटलं, ही खोटं नाही सांगणार.”

फोनमधून पाण्याची धार पडल्याचा आवाज येत होता.

“काय करते आहेस?” बाईंनी विचारलं.

“पिल्लूची बाटली भरते आहे.”

“उकळलं आहेस का?”

“आई, हे पुणं नाही. आणि उकळून रसायनं जातात का?”

बाईंना रडू आलं. ते त्यांनी आवरलं नाही.

“उल्का, ते वाक्य मी लिहिलं होतं.”

पलीकडे उल्काने नळ बंद केला.