लोहाची गोळी आणि माझी कॉफी

मित्रांनो, मी एक जुना पितळी कॉफी फिल्टर आहे आणि सध्या मला फार राग आला आहे. ज्या घराने पंचवीस वर्षे माझे कौतुक केले, त्याच घराचा आला आहे.

वसुमतीबाई लग्न होऊन यशवंतपूरच्या या घरात आल्या, तेव्हा त्यांच्या आईने मला भांड्यांबरोबर दिले. वरच्या भांड्यात कॉफीची पूड भरायची, उकळते पाणी ओतायचे, की खालच्या भांड्यात थेंबथेंब दाट अर्क जमतो. त्याला सगळे डिकॉक्शन म्हणतात. मी कधी गळलो नाही की तुंबलो नाही.

या घराची एक रीत आहे. पहिले दाट डिकॉक्शन यजमान नरसिंहरावांना, मुलगा सुमंतला आणि आल्यागेल्याला. मग त्याच पुडीवर पुन्हा पाणी ओतून जे पाणचट उतरते, ते वसुमतीबाईंना. त्यात दोन चमचे साखर घालून त्या ओट्याशी उभ्यानेच पितात. सुमंत बेळ्ळंदूरच्या ऑफिसला जाताना इडल्या खाऊन जातो, नरसिंहराव दोनदा वाढून घेतात. बाईंचा नाश्ता म्हणजे तेवढी कॉफी. दुपारच्या जेवणावरही कॉफीच.

यंदा त्यांच्या गर्भाशयात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, हिमोग्लोबिन आठ आहे, दहा झाल्याशिवाय ऑपरेशन नाही. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन महिने गेले, आकडा आठवरच. ऑपरेशन दोनदा पुढे गेले. बाई चार पायऱ्या चढून कठडा धरून उभ्या राहू लागल्या.

"गोळी रोज घेतेस ना?" नरसिंहरावांनी विचारले.

"घेते की. कॉफीबरोबरच घेते, म्हणजे विसरत नाही."

"सरी, ठीक आहे," म्हणाले आणि त्यांनी पेपर उघडला. झाली काळजी करून!

मागच्या रविवारी त्यांची भाची संहिता आली. ती औषधांच्या दुकानात काम करते. तिने मामीला कॉफीच्या घोटाबरोबर गोळी गिळताना पाहिले.

"अय्यो मामी! कॉफी ते लोह अंगी लागूच देत नाही. तीन महिने गोळ्या वाया घालवल्यास गं!"

"मग स्वल्प कमी कॉफी घे ना, वसू," नरसिंहराव म्हणाले.

"मामा, ते नंतर. मामी सकाळी खाते काय, ते सांगा."

नरसिंहरावांनी सुमंतकडे पाहिले. सुमंतने मोबाइलकडे पाहिले. इतकी वर्षे एका छपराखाली राहून दोघांनी ते कधी पाहिलेच नव्हते! मला तोंड असते तर मी ओरडलो असतो, काहीच नाही रे, काहीच खात नाही ती!

आता गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर असते. मग बाई बसून नाश्ता करतात आणि कॉफी त्यानंतर दोन तासांनी. पण अजून ऑपरेशनची तारीख मिळालेली नाही. गेलेले तीन महिने कोण परत देणार?

मला रोज घासतात, पुसतात, पाहुण्यांना दाखवतात. मित्रांनो, माझी एवढी बडदास्त नको. उद्या सकाळी घरातल्या बाईने तुमच्या हातात कॉफीचा पेला दिला, तर आधी तिला विचारा, तू खाल्लेस का? नाही म्हणाली, तर पेला खाली ठेवा आणि तिला वाढा.