लुगड्याने हेरलेली तार

मी एक जुनी तार आहे, मित्रांनो, पण डाकघरातली नव्हे. माझ्यातून कधी कुणाचा निरोप गेला नाही. गेला तो निव्वळ जोर. मी करंगळीहून बारीक आहे; पोलादाचे एकशे तेहेतीस तंतू पिळून मला वळलं आहे. आज चांदूर रेल्वेजवळच्या एका अंगणात मी कपडे वाळवते. एके काळी मात्र मी विमान उडवत होते. हसू नका, खरंच सांगते.

पंख्यांच्या त्या प्रवासी विमानात माझं एक टोक वैमानिकाच्या दांड्याशी होतं आणि दुसरं शेपटाच्या हलत्या फळीशी. त्याने दांडा ओढला की मी कप्प्यांवरून सरकायची आणि फळी वर उचलायची. मग वारा शेपूट खाली दाबायचा आणि विमान नाक वर करायचं. वर वारा खवळला की त्याचे धक्केही माझ्यातूनच वैमानिकाच्या हाताला कळायचे. माझ्या कामाचं फार कौतुक व्हायचं आणि मला त्याचा गर्वही होता.

१९५८ साली अकोल्याच्या धावपट्टीवर धर्मपाल नावाचा तरुण मिस्त्री माझी तपासणी करायचा. त्याची आई केशरबाई रोजमजुरी करायची. नागपूरला दीक्षेला जाताना ती जे जुनं पांढरं लुगडं नेसली होती, ते पुढे विरलं. त्याचा एक मऊ तुकडा धर्मपालच्या खिशात असायचा. तोच तो माझ्या अंगावरून टोकापासून टोकापर्यंत फिरवायचा. डोळ्याला न दिसणारा तुटका तंतू असला तर कापड तिथे अडकणारच.

चैत्रातल्या एका सकाळी ते अडकलं.

एकवीस प्रवासी कडुनिंबाखाली ताटकळत होते. मोठे मिस्त्री वामनराव धावत आले. त्यांनी माझ्यावरून अंगठा फिरवला, पण त्यांच्या घट्टे पडलेल्या हाताला काहीच लागलं नाही.

"एक तंतू तुटला असन, तं काय आभाळ कोसळते? बाकीचे हायेत ना! कर सही."

"नाई करत, साहेब."

"तुही नोकरी कच्ची हाय, माईत हाय ना तुले?"

"नोकरी कच्ची राहू द्या. तार पक्की पायजे."

त्या दिवशी विमान उडालं नाही. माझा तेवढा हातभर तुकडा कापून तपासणीसाठी नागपूरच्या कारखान्यात गेला आणि वामनरावांकडून "उद्यापासून येऊ नको" असं ऐकून धर्मपाल घरी आला. उरलेली मी भंगारात पडले होते. मला त्याने खांद्यावर टाकून आणलं.

केशरबाईने माझ्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "याच रांडेनं माह्या पोराची नोकरी खाल्ली अन् तू तिले घरात घेऊन आला?" मला फार वाईट वाटलं. तिने मला दोन खांबांना बांधलं आणि ती ओली लुगडी माझ्यावर अशी आपटायची, की मी झणझणायची.

दहाव्या दिवशी डाकवाले नत्थुजी दारात आले. "केशरबाई, तार आली!"

तार म्हणजे कुणाच्या तरी मरणाचीच, एवढंच तिला ठाऊक. ती मलाच धरून मटकन खाली बसली. "कोन गेलं, भाऊ? सांगून टाका."

"कोनी नाई गेलं, बाई. उठा. पोराले कामावर बलावलं. पक्की नोकरी! त्या तुकड्यात आतून अकरा तंतू तुटले होते म्हनते."

केशरबाई उठली आणि पदराने मला पुसू लागली. मी रडू शकत नाही, मित्रांनो, नाहीतर तेव्हा रडले असते.

आता १९६९ साल आहे. परवा सुटीवर आलेला धर्मपाल वर्तमानपत्रातून आईला सांगत होता, "माय, इलायतेत नवं जेट विमान उडालं. त्यात वैमानिक मागची फळी ओढत नाई, तिले तार करते."

"तार?"

"हो. दांडा हालला का किती हालला ते विजेच्या तारेनं एका पेटीले कळते. पेटी हिशेब करते अन् फळीपाशी हुकूम धाडते. तिथं तेलाच्या दाबावर चालनारा दट्ट्या फळी हालवते. फळी हालली का 'झालं' म्हनून उलटा निरोप येते. पन हातात वारा नाई लागत, म्हनून दांड्याले मुद्दाम खोटा जोर देतात."

केशरबाई विचारात पडली. "अन् तार पोचलीच नाई तं?"

"दुसरी वाट असते. दोनी बंद पडल्या तं शेवटी आपल्या या तारेवानी लोखंडी जोड ठेवला हाय."

माझी छाती फुगली. निरोपाचं युग आलं, तरी माझ्या जातीला अजून जागा होती.

"म्हंजे तो जोड बसूनच राहाते रोज," केशरबाई म्हणाली. "मंग त्याले रोज कोनी लुगडं लावून पाहाते का?"

धर्मपालने तो मजकूर पुन्हा वरपासून वाचायला घेतला.

मित्रांनो, कामात असलेल्याची चौकशी सगळेच करतात. बसून राहिलेल्याचीही करत जा. अडीनडीला तोच लागतो. मला कोण पुसतं असं विचाराल, तर या अंगणात सकाळी या. कपडे टाकण्याआधी केशरबाई पदराचं टोक माझ्यावरून या खांबापासून त्या खांबापर्यंत फिरवते आणि कुठे अडकतं का ते पाहते.