पुसलेली नववी गोष्ट

मित्रांनो, मी आवाज साठवणारा एक रेकॉर्डर आहे. वय म्हणाल तर जेमतेम चार वर्षं, पण आम्हा यंत्रांच्या जगात ते म्हातारपणच. लंडनजवळच्या पिनरमधल्या ‘मैत्रबंध’ मराठी मंडळाच्या कपाटात माझा मुक्काम असतो. बाकीच्या वस्तू आपलं आयुष्य सांगताना आधी पराक्रम सांगतात. मलाही तसं करता आलं असतं. पण खरं सांगतो, मला माझी लाज वाटते, आणि ती का वाटते हे सांगायलाच आज मी तोंड उघडलं आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. डोक्यावर जाळीचे दोन कान, पोटावर छोटासा पडदा आणि मधोमध लाल बटण. तपासणाऱ्या माणसाने माझ्यासमोर टाळी वाजवली. मी ती जशीच्या तशी ऐकवली आणि पास झालो. ऐकलं ते तसंच परत द्यायचं, एवढंच मला शिकवलेलं होतं.

मंडळात मी आलो तो सरकारी अनुदानातून. रंगावरून, वंशावरून कुणाला हिणवू नये हे लोकांना शिकवणाऱ्या कामांसाठी सरकार पैसे देतं. मंडळाचे अध्यक्ष ज्ञानेश्वर यांनी अर्ज केला. आपल्या मुलांना काय काय ऐकून घ्यावं लागतं ते मुलांच्याच तोंडून रेकॉर्ड करायचं आणि मग सगळ्या गावाला ऐकवायचं, अशी त्यांची कल्पना होती. चांगली कल्पना होती, खोटं कशाला बोलू? ‘हा त्रास कुठे होतो?’ असा एक प्रश्न अर्जात होता. ज्ञानेश्वरांनी शाळा लिहिली, बसस्टॉप लिहिला, दुकानं लिहिली. आपल्या मंडळाचा हॉलही लिहावा, हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

रेकॉर्डिंगचं काम सुनेत्राताईंकडे आलं. त्या जवळच्याच स्टॅनमोरच्या. दरवर्षी गणपतीत मुलांचं नाटक बसवायच्या, त्यामुळे सगळ्या मुलांच्या सुनेत्रामावशी. मला त्या फार आवडायच्या. दसऱ्याला त्यांनी मला लॅपटॉपशेजारी पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं, तेव्हा मी मनातल्या मनात पार फुगून गेलो होतो. पहिली गोष्ट त्यांनी स्वतःचीच सांगितली. वॉटफर्डच्या एका दुकानात त्या नव्याने नोकरीला लागल्या होत्या, तेव्हा एका बाईने त्यांच्या हातून सुटे पैसे घ्यायला नकार दिला होता. पंचवीस वर्षं झाली होती त्याला, तरी सांगताना त्यांनी तळहात तसाच पुढे धरला होता.

मग मुलं येऊ लागली. कुणाच्या डब्याला नाक मुरडलेलं, कुणाच्या नावाची टिंगल केलेली. मी सगळं नीट जपत होतो. नववी आली तनू. अकरा वर्षांची, सावळी, आणि बोलायला लागली की थांबायची नाही.

“शाळेत कोणी काही बोललं का गं तुला?” सुनेत्राताईंनी विचारलं.

“शाळेत नाही. बसस्टॉपवर एक माणूस ओरडला, गो होम. पण मला काही वाटला नाही. तो मला ओळखत पण नव्हता.” तनूने खाली फरशीकडे बोट दाखवलं. “इथे वाटला. आपल्या हॉलमध्ये. मला प्रिन्सेसचे सगळे डायलॉग्ज पाठ होते. पण एक मावशी म्हणाली, हिला राक्षसीच करा, रंग लावायला नको. सगळे हसले. बाबा पण हसला. ती मावशी मला ओळखते ना, म्हणून जास्त वाटला.”

मित्रांनो, ती मावशी कोण होती हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तनूने नाव घेतलं नाही. सुनेत्राताई “थँक यू बेटा” म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा खर्रकन उतरला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आपल्या स्वयंपाकघरात ती गोष्ट तीनदा ऐकली. मग त्यांचं बोट पुसायच्या बटणाकडे गेलं. असं कुणी करू लागलं की ‘खरंच पुसू?’ असं मी पडद्यावर विचारतो. मी विचारलं. मला एकदाच विचारायची सोय आहे, दुसऱ्यांदा विचारता येत नाही. त्यांनी ‘हो’ दाबलं आणि मी ते पुसून टाकलं. तुम्ही म्हणाल, यंत्र बिचारं काय करणार? मीही स्वतःला तेच सांगून पाहिलं. पण एका मुलीने विश्वासाने दिलेला आवाज माझ्याकडे होता, आणि आता नव्हता.

महिनाभराने हॉलमध्ये मोठा कार्यक्रम झाला. कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची माणसं आली, आणि मला हेडफोन जोडून मधल्या टेबलावर मानाने ठेवलं. ज्याने त्याने माझं कौतुक केलं. तनूही तिच्या बाबांबरोबर, म्हणजे यतीनबरोबर आली. तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या गोष्टी ऐकल्या, मग पुन्हा मागे जाऊन पडद्याकडे बराच वेळ पाहिलं.

“मावशी, माझी गोष्ट कुठे आहे?”

“अगं, या मशीनने घोळ केला बघ,” सुनेत्राताई घाईघाईने म्हणाल्या. “नेमकी तुझीच रेकॉर्ड झाली नाही.”

खापर माझ्या माथी फुटलं. तनूने एकदा मावशीकडे पाहिलं, एकदा बाबांकडे पाहिलं. मग ती हसून म्हणाली, “इट्स फाइन मावशी. मशीन्स असं करतात.” जाताना तिने टेबलाच्या कडेला आलेल्या मला हळूच आत सरकवलं. त्या क्षणी मी खाली पडून फुटलो असतो तर बरं झालं असतं.

सरकारकडे अहवाल गेला. ‘मुलं मोकळेपणाने बोलली’ असं त्यात लिहिलं होतं. मी कपाटात गेलो. तनू त्यानंतर नाटकात आली नाही. अभ्यास वाढला असेल, असं सगळे म्हणाले.

यंदा अनुदानासाठी पुन्हा अर्ज करायचा ठरला. या वेळच्या अर्जात नवा प्रश्न होता: मागच्या कामात तुमचं काय चुकलं? ज्ञानेश्वर म्हणाले, “लिहा, काही नाही. आपलं काय चुकणार?” सुनेत्राताईंनी मला कपाटातून काढलं, पर्समध्ये टाकलं आणि गाडी थेट वॉटफर्डला, तनूच्या घरी आणली.

तनू आता पंधरा वर्षांची झाली आहे. सुनेत्राताईंनी चहाला हात लावला नाही. “तनू, तुझी गोष्ट मशीनने घालवली नव्हती. मी पुसली.”

“आय नो,” तनू म्हणाली. “स्क्रीनवर आठनंतर डायरेक्ट दहा नंबर होता. रेकॉर्ड झालाच नसता, तर नऊ नंबर माझ्यानंतर आलेल्या नेक्स्ट मुलाला मिळाला असता ना.”

“तुला तेव्हाच कळलं होतं? मग बोलली का नाहीस गं?”

“तुम्ही तिथे रडणार होता मावशी. सगळ्यांसमोर. मला ते नको होतं.”

मित्रांनो, अकरा वर्षांच्या पोरीने पन्नाशीच्या बाईची लाज राखली होती. सुनेत्राताईंची मान खाली गेली ती वर येईना. तशाच त्यांनी मला टेबलावर ठेवलं. “पुन्हा सांगशील? या वेळी कुणी हात लावणार नाही. अर्जातही लिहीन मी.”

तनूने मला हातात घेतलं. वाटलं, आता ती बोलेल. तिने लाल बटण दाबलं आणि मला सुनेत्राताईंच्या पुढ्यात ठेवलं.

“मी एकदा सांगितलं. आता तुम्ही सांगा.”

कितीतरी वेळ माझ्यात नुसता श्वासांचा आवाज साठत राहिला. मग सुनेत्राताई बोलल्या, “माझं नाव सुनेत्रा. या मुलीला राजकन्येचं सगळं नाटक पाठ होतं. मी म्हटलं, हिला राक्षसीच करा...” पुढचे शब्द त्यांनी खरे होते तसेच उच्चारले. हसल्या होत्या तेही सांगितलं. तनू खिडकीबाहेर बघत ऐकत होती. शेवटी ती एवढंच म्हणाली, “ओके.” माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि सुनेत्राताईंनीही ते मागितलं नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंची निगा राखा, असं सांगायची रीत आहे. माझं राहू द्या. माझी बॅटरी कुठेही मिळते. पण कुणी तुमच्याजवळ येऊन आपलं दुखणं सांगितलं आणि त्यात दोष तुमचाच निघाला, तर कृपा करून ते पुसू नका. माझ्याकडे सुनेत्राताईंची कबुली आहे, ती मी प्राणपणाने जपेन. अकरा वर्षांच्या तनूचा आवाज मात्र आता कुणाकडेच नाही.