पंचमाचा वाडगा

कनकाने वाडगे पालथे घातले नाहीत, तिथेच घोळ झाला. जलतरंग वाजवणारा गेला की सोळाव्या दिवसाचे विधी होईपर्यंत त्याचे वाडगे भिंतीशी पालथे ठेवायचे, ही त्यांच्या घराण्याची रीत. पण कुंभकोणमच्या देवळात नवरात्रात वाजवायचा मान याच घराचा, आणि धर्मकर्त्यांनी, म्हणजे देवळाच्या विश्वस्तांनी, बजावलं होतं, पोरगी बापासारखी वाजवेल तर मान तिचा, नाहीतर चुलतभावाचा. मग सुतकातही तिचा रियाज चालला, भरल्या वाडग्यांवर. वैद्यलिंगमला, म्हणजे तिच्या बापाला, मी जन्मभर मृदंगाची साथ केली. मी चिडलो.

"रीत काय गंमत म्हणून असते का गं?"

"मामा, मान गेला तर आमची चूल तुम्ही पेटवणार का?"

पोरीच्या जिभेला हाड नाही. थेट बापावर गेली आहे.

सुतक फिटलं, आणि नवरात्रात भर दुपारी आम्ही देवळाच्या मंडपात बसलो. सुरुवात झकास झाली. मग पंचम चढायला लागला. वाडग्यातलं पाणी कमी झालं की सूर चढतो. कनकाने पळीभर पाणी घातलं. थोड्या वेळाने पुन्हा घातलं. पहिल्या रांगेत चुलतभाऊ मिशीत हसत होता.

"उकाडा आहे," मी पुटपुटलो. पण बाकीच्या वाडग्यांतलं पाणी जिथल्या तिथे होतं.

"चीर गेली असेल," मीच पुन्हा म्हणालो.

तिने वाडग्याच्या बुडाखाली बोट फिरवून मला दाखवलं. कोरडं होतं. मग मी नीट पाहिलं. पाणी हललं, थोडं खाली गेलं, थांबलं, पुन्हा खाली गेलं. कुणी घोट घोट प्यावं तसं. माझा ठेका चुकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"मामा, डॉक्टरांनी अप्पांचं पाणी बंद केलं होतं," कनका खालच्या आवाजात म्हणाली. "शेवटपर्यंत मागत होते. मी ओल्या कापसाने नुसते ओठ पुसत राहिले."

"ते आत्ता कशाला? पळीभर घाल आणि सूर धर. मान जाईल हातचा."

तिने काड्या खाली ठेवल्या. तांब्या उचलला आणि पंचमाचा वाडगा काठोकाठ भरला. मग शेजारचा. मग त्याच्या शेजारचा. एकेक करत सगळे सूर पाण्यात गेले. धर्मकर्ते उठून उभे राहिले. चुलतभाऊ तर आपले वाडगे आणायला माणूस धाडूनही मोकळा झाला. मला त्या पोरीची भयंकर कीव आली, आणि भीतीही वाटली.

सगळ्याच वाडग्यांतलं पाणी आता उतरत होतं, भराभर, अधाशासारखं.

कनका पुढे वाकली. आजारी माणसाला बसतं करताना पाठीमागे हात देतो, तसा तिने रिकाम्या जागेत हात धरला.

"सावकाश, अप्पा," ती म्हणाली. "ठसका लागेल."