पुडीची घडी

साल एकोणीसशे एकाहत्तर. त्या वर्षी काही आठवडे दर गुरुवारी संध्याकाळी पाचच्या ठोक्याला चर्चशेजारच्या सभागृहात मुंगीलाही शिरायला जागा उरत नसे. एरवी प्रार्थनामंडळाला सतरा-अठरा माणसं जमायची, तीही रोजचीच. आता खिडक्यांच्या गजांना माणसं लोंबकळत होती. कारण एकच. ब्रदर न उघडलेली चिठ्ठी नुसती कपाळाला लावून वाचायचा.

मंडळाचा नियम फार जुना होता. प्रत्येकाने आपली विनंती कागदावर लिहायची, घडी घालून लाकडी पेटीत टाकायची. सगळ्यांनी मिळून जपमाळ म्हणायची आणि शेवटी चिठ्ठ्या न वाचता पितळी भांड्यात जाळायच्या. कोण काय मागतो ते देवाने जाणावं, शेजाऱ्याने जाणू नये. आणि मग खरं काम सुरू व्हायचं. भिंतीवर एक फळा होता. त्यावर वस्तीतल्या आजाऱ्यांची यादी आणि पाळ्या लिहिलेल्या असत. कोण चादरी धुणार, कोण जेवण नेणार, कोण रात्रीचं उशाशी बसणार. मंडळ कुणी पाद्र्यांनी चालवलेलं नव्हतं, संसारी माणसांचं होतं. कंपाउंडरबाईला त्या फळ्याचा अभिमान होता. अक्षर तिचंच असे.

कंपाउंडरबाई म्हणजे दवाखान्यात औषधं करणारी. चूर्णाच्या पुड्या बांधायच्या, मिक्श्चरच्या बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायची, सुया उकळायच्या, हे तिचं वीस वर्षांचं काम. नवऱ्यामागे ती आणि तिची धाकटी बहीण दोघी एका खोलीत राहायच्या. धाकटी शर्टाच्या कारखान्यात कॉलर शिवायची. तिला क्षय झाला होता. इंजेक्शनं सुरू होऊन चार महिने झाले होते, ताप उतरला होता, वजन वाढत होतं, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, "दीड वर्ष. एक दिवसही कमी नाही."

मग ब्रदर आला.

तो कुठल्या मठाचा ब्रदर होता हे कुणी विचारलं नाही. गोरापान, पांढरा सदरा, आवाज मधात बुडवून काढलेला. पेटी पुढ्यात घ्यायचा, एक चिठ्ठी उचलून कपाळाला लावायचा, आणि अंगात वीज शिरल्यासारखा थरथरायचा.

"एक बहीण... दुरून आलेली... तिच्या डाव्या गुडघ्यात... आऽऽ, मलाही ती कळ जाणवते!"

मागच्या बाकावरून कुणी परगावची पाहुणी किंचाळायची, "माझीच हो! माझीच विनंती!"

ब्रदर चिठ्ठी उघडून आत बघायचा, समाधानाने मान डोलवायचा, "आमेन" म्हणून ती भांड्यातल्या ज्योतीवर धरायचा आणि दुसरी उचलायचा. एकामागून एक. बेकरीवाल्याची भट्टी, शिक्षिकेच्या मुलाची परीक्षा, सगळं अक्षरशः बरोबर. लोक रडायचे. "मी पैशाला हात लावत नाही," असं तो सांगायचा, आणि ते खरंच होतं. घड्याळं, अंगठ्या आणि कापडाचे तागे तो हातात घेत नसे, ते पाहुणीच्या पिशवीत जायचे.

गंमत अशी, की आधी त्याच्यावर सगळ्यांत जास्त विश्वास बसला तो कंपाउंडरबाईचा. विश्वास म्हणा, भीती म्हणा. तिचं एक गुपित होतं. अकरा वर्षांपूर्वी नवरा आजारी असताना तिने पेटीत दर गुरुवारी चिठ्ठी टाकली होती. तो गेला. त्यानंतर तिला काही लिहिताच आलं नाही. चिठ्ठी टाकायची, पण कोरी. सतरा माणसांबरोबर गुडघे टेकायचे आणि आपली घडी रिकामी आहे हे एकटीनेच जाणायचं. धाकटीलाही तिने कधी सांगितलं नव्हतं.

आणि हा ब्रदर दर गुरुवारी एकदा मध्येच अडखळायचा, डोळे मिटायचा आणि हळूच म्हणायचा, "इथे एक मुका आत्मा आहे. त्याने देवाला काहीच सांगितलेलं नाही."

कंपाउंडरबाई मान खाली घालून जपमाळेचे मणी ओढत राहायची.

तिसऱ्या गुरुवारी ब्रदरने धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला. "तू बरी झालीस, बहिणी. आता औषध घेणं म्हणजे देवाच्या सहीवर माणसाचा शिक्का मागणं." जोडीला जैतुनाच्या तेलाची एक कुपी दिली.

दुसऱ्या दिवशी कंपाउंडरबाईने सुई उकळून ठेवली, तर धाकटी हात पुढे करेना.

"वेडी झालीस का गं? चौदा महिने राहिलेत अजून."

"ताई, बघ ना माझ्याकडे. ताप आहे? खोकला आहे? जिना चढून आले एका दमात."

"ती इंजेक्शनांची करामत आहे, तेलाची नाही. तेल मिळून एक दिवस नाही झाला तुला."

"तू तर फळा लिहितेस मंडळाचा! तुझाच विश्वास नाही?"

सुई थंड झाली. अशा सहा सुया थंड झाल्या, मग ती उकळायचीही थांबली.

इकडे फळ्यावरची पाळी कुणी भरेना. "ब्रदर सगळ्यांसाठी प्रार्थना करतोय की," बेकरीवाला म्हणाला. "मी पाव नेऊन काय मोठं होणार?" चर्चची घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याने साखरेच्या आजाराच्या गोळ्या मोरीत ओतल्या आणि पायाच्या जखमेला तेल लावत बसला. त्याच्या चादरी तीन आठवडे कुणी धुतल्या नव्हत्या. कंपाउंडरबाई फादरांकडे गेली, तर ते वयस्कर, भिडस्त गृहस्थ चष्मा पुसत राहिले. "लोक प्रार्थनेला येताहेत, बाई. इतकी वर्षं मी त्यांना बोलावून थकलो. आता कसं हाकलू?"

सातव्या गुरुवारी दवाखान्यात गर्दी होती. ती धावतपळत सभागृहात पोहोचली. जवळ कागद नव्हता. एप्रनच्या खिशात पुडीचा एक पांढरा गुळगुळीत कागद सापडला. तिने चालता चालता त्याची घडी घातली, आणि वीस वर्षांची सवय बोटांत असल्यामुळे ती घडी पुडीची पडली. लांबट, दोन्ही टोकं एकमेकांत खोचलेली. पेटीत इतर सगळ्या चिठ्ठ्या चौकोनी. तिची तेवढी लांबून ओळखू यावी अशी.

प्रार्थनेला सगळे डोळे मिटतात. त्या दिवशी भीतीने तिचे डोळे मिटलेच नाहीत. तिला आपली पुडी त्याच्या हातात जाताना बघायची होती.

गेली. ब्रदरने पुडी कपाळाला लावली. आता म्हणणार, मुका आत्मा. तिने बाकाची कड घट्ट धरली.

"एका घरात," ब्रदर थरथरला, "सासूसुनेचं भांडण..."

"आमचं!" कोपऱ्यातून कुणीतरी हुंदका दिला.

कंपाउंडरबाई बघतच राहिली. तिच्या कोऱ्या पुडीत सासू कुठून आली? ब्रदरने पुडी उघडली, क्षणभर पापणी फडफडली, पुडी जळाली. त्याने पुढची चिठ्ठी उचलली, चौकोनी, रेघी कागदाची. ती कपाळाला लावून तो थबकला आणि म्हणाला, "इथे एक मुका आत्मा आहे..."

सात आठवडे तिच्या छातीवर बसलेला दगड त्या क्षणी उठला आणि त्याच्या जागी राग आला. साधा, चुलीवरच्या आधणासारखा.

तो कपाळाला लावलेली चिठ्ठी वाचतच नव्हता. आधीची वाचत होता! पहिली चिठ्ठी उचलायची आणि तिच्या नावावर पाहुणीची विनंती म्हणायची, ती तर दोघांनी घरून ठरवून आणलेली. मग खात्री केल्यासारखं करून ती उघडायची. आत असते भलत्याचीच विनंती. ती वाचून, जाळून, दुसरी चिठ्ठी कपाळाला लावायची आणि नुकतीच वाचलेली म्हणून दाखवायची. दर गुरुवारी शेवटी उरायची ती कोपरा दुमडलेली चिठ्ठी, हे तिला आता आठवलं; ती पाहुणीची. पुरावा प्रत्येक वेळी आगीत. आणि चिठ्ठ्या वाचायच्या नाहीत, जाळायच्या, हा नियम मंडळानेच त्याला आयता दिला होता.

त्या रात्री धाकटीला खोकला आला. कोरडा, थोडासाच. दोघींनीही ऐकला नाही असं केलं.

पुढच्या गुरुवारी ब्रदरने पेटीत हात घातला तशी कंपाउंडरबाई उभी राहिली.

"ब्रदर, आज एक विनंती आहे. चिठ्ठ्या कपाळाला लावा, सांगा, पण उघडू नका. सगळ्या सांगून झाल्यावर एकदम उघडू."

"बहिणी, पवित्र आत्म्याची परीक्षा घेऊ नये."

"आत्म्याची नाही हो, तुमच्या हातांची घेतेय. कपाळाने वाचता ना? मग डोळ्यांना कशाला काम?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. बाकीचे चिडले. "बसा खाली, बाई!" बेकरीवाला ओरडला. "औषधाचं दुकान बसलं म्हणून पोटात दुखतंय!"

"दुखतंयच," ती म्हणाली. "घंटावाल्याचा पाय काळा पडलाय. तुमच्यापैकी कोण बघून आलंय? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. तेवढ्यात ती पुढे गेली आणि तिने पेटी आपल्याकडे ओढली. ब्रदरने फादरांकडे पाहिलं. फादरांनी या वेळी चष्मा पुसला नाही. "त्यांना करू द्या," ते म्हणाले.

तिने पहिली चिठ्ठी कपाळाला लावली. थरथरण्याचं नाटक मात्र तिला जमलं नाही. "ही कोरी आहे," ती म्हणाली. "कुणाची?"

तिने सगळीकडे एकवार पाहिलं.

"माझी. अकरा वर्षं मी इथे कोरी चिठ्ठी टाकतेय."

धाकटीने झटकन मान वर केली. कंपाउंडरबाईने तिच्याकडे न बघता चिठ्ठी उघडली, पाहिली, जाळली. दुसरी कपाळाला लावली. "बेकरीत नवीन माणूस टिकत नाही. चांगला माणूस मिळू दे."

बेकरीवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. "तुम्हाला... तुम्हाला कसं..."

"थांबा, अजून आहे." दुसरी उघडली, जाळली, तिसरी लावली. "मुलगी परगावी आहे, तिचं पत्र येऊ दे." शिक्षिकेने तोंडावर हात ठेवला. तिसरी चिठ्ठी खाकी जाड कागदाची होती, कॉलरचे नमुने कापतात तसल्या. कंपाउंडरबाईने ती उघडली, आणि ती तिथेच थांबली. चौथी उचलायला हात गेलाच नाही.

"अडली!" ब्रदर उठून म्हणाला. "बघा, पाखंड किती वेळ टिकणार!"

"ती माझी आहे," धाकटी मागून म्हणाली. "वाच ना, ताई. मोठ्याने वाच."

ताईने खाकी कागद डोळ्यांजवळ नेला. शब्द शब्द वाचलं. "ताईच्या मनावर काय ओझं आहे ते ती सांगत नाही. ते उतरू दे."

मग तिने लोकांकडे पाहिलं आणि फोड करून सांगितलं. पाहुणीची पहिली विनंती, मागची चिठ्ठी पुढच्या नावावर, दुमडलेला कोपरा, सगळं. शिवणीचा टाका दाखवावा तितकं सावकाश. "पहिली मी म्हटली ती माझी, ती मला ठाऊकच होती. बाकी प्रत्येक वेळी आधीची वाचली. माझ्या अंगात काही येत नाही. तुमच्यापैकी कुणीही अर्ध्या तासात शिकेल. तुमच्या विनंत्या मी वाचल्या, त्याबद्दल माफ करा. पण तुम्हीही विचारायला हवं होतं. देवाला काय मागायचं ते मागा, मी अडवत नाही. पण माणूस काही करून दाखवतो तेव्हा त्याला म्हणा, पुन्हा कर, आणि या वेळी आम्ही सांगतो तसं कर. खरं असेल तर त्याला राग यायचं कारण नाही."

पाहुणीला तेवढ्यात दार सापडलं होतं. घाईत डोक्याचा रुमाल सुटला, चष्मा पडला, आणि शिक्षिका ओरडली, "अहो, ही मागच्या महिन्यातली गुडघ्याची!"

घरी जाताना जिन्यावर धाकटीला दोनदा थांबावं लागलं. वरच्या पायरीवर ती म्हणाली, "अकरा वर्षं?"

"अकरा."

"मला सांगायचंस की गं."

"तू म्हणाली असतीस, विश्वास नाही."

"म्हणाले असते," धाकटी म्हणाली. बराच वेळ श्वास जुळवत राहिली. "उद्या सुई उकळून ठेव."

त्या सात-आठ आठवड्यांनी आपली किंमत वसूल केली. धाकटीचे उपचार पहिल्यापासून सुरू करावे लागले, एक फुप्फुस कायमचं आखडलं. तरी ती पुढे एकतीस वर्षं जगली, कॉलर शिवत, जिना थांबत थांबत चढत. घंटावाल्याचा पाय गुडघ्याखाली कापला. घंटेचा दोर लांब करून तो बसून वाजवायला शिकला, पण त्या पायाबद्दल कुणाशी बोलला नाही, आणि कुणी त्याच्या डोळ्याला डोळा देऊन विचारलंही नाही. बेकरीवाला मरेपर्यंत त्याच्याकडे रोज सकाळी गरम पाव घेऊन जायचा. फादरांची वर्षभरात बदली झाली. निरोपाच्या मिस्सेत त्यांनी सांगितलं, की गर्दीलाच मी भक्ती समजलो. ब्रदर दोन वर्षांनी दूरच्या एका शहरात दिसला, वेगळ्या नावाने, बंद पाकिटं वाचताना. पाहुण्या म्हणून यायच्या त्या त्याची बायको आणि मेहुणी, आलटून पालटून.

मंडळाने नियम बदलला. चिठ्ठ्या आता ज्याने त्याने उभं राहून वाचायच्या, आणि चिठ्ठीच्या पाठीवर लिहायचं, यासाठी उद्या कोण जाणार. भांडं घासून ठेवून दिलं. फळा पुन्हा भरला.

कंपाउंडरबाई त्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी सगळ्यांत शेवटी उठली. तिच्या हातात पुडी होती, दोन्ही टोकं खोचलेली. तिने वाचलं, "माझी बहीण बरी होऊ दे." मग कागद उलटवला आणि पाठीमागचं वाचलं. "उद्या सकाळी आठ वाजता. सुई मी उकळेन."