शेजारची जागा

"मावशी, ही तुमची जागा." वस्तीतल्या प्लंबरने दफनभूमीच्या फाटकाच्या आतली, झाडाखालची जमीन दाखवली. "सावली आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते. सगळ्यांनी मिळून ठरवलंय."

"अरे, आधी मला मरू तरी दे!"

सत्काराला जमलेले सगळे हसले. मावशीही हसल्या; पण शेजारी उभ्या असलेल्या लेकीचं मनगट त्यांनी घट्ट धरलं.

मावशी हॉस्पिटलात आया होत्या. गोरी-काळी सगळी अंगं त्यांच्या हातांनी पुसली होती. गावच्या दफनभूमीत मात्र टेकडीवरच्या वस्तीतल्या काळ्या माणसांना थारा नव्हता. तसा कुठे नियम लिहिलेला नव्हता. नुसतं फाटक उघडत नसे. नवरा गेला तेव्हा मावशी भर उन्हात त्या फाटकाशी दुपारभर उभ्या राहिल्या. शेवटी त्याला टेम्पोत घालून नदीपलीकडे, जुन्या खाणीजवळच्या माळावर न्यावं लागलं.

पुढच्याच रविवारी मावशी घरचं स्टूल घेऊन फाटकासमोर जाऊन बसल्या.

"इथे काय काम आहे?" पहारेकऱ्याने विचारलं.

"जागा बघायला आलेय."

मग रविवार चुकला नाही. कुणी अंगावर थुंकलं, कुणी स्टूल नाल्यात फेकलं. पुढे प्लंबर येऊन बसला, त्याची आई आली, हळूहळू सगळी टेकडी आली. मोर्चे निघाले, कोर्टाच्या पायऱ्या झिजवून झाल्या. मावशींचे केस पिकले तेव्हा कुठे फाटक उघडलं. आज त्याच फाटकाच्या आत त्यांचा सत्कार झाला होता.

घरी परतताना लेक म्हणाली, "आई, त्यांना सांगितलं का नाहीस? बाबांच्या शेजारची जागा तू राखून ठेवलीयेस ना?"

"कशी सांगू? टेकडीवरचं एकही माणूस अजून इथे पुरलेलं नाही. लोक बिचकतात गं. मीच तिकडे गेले तर म्हणतील, बघा, यांनाच नको होतं."

"मग बाबांना इकडे आणू."

"विचारलं मी. इतक्या वर्षांनी नाही होत म्हणे."

"आई, एवढं केलंस लोकांसाठी. आता तरी स्वतःचं बघ."



दुसऱ्या दिवशी मावशी एकट्याच बसने माळावर गेल्या. थडग्यावरचं गवत उपटलं, दगड ओल्या फडक्याने पुसला. मग नवऱ्याला सगळं सांगितलं. भाषणं किती लांबली, माइकसमोर प्लंबरची कशी बोबडी वळली. हे असते तर मध्येच दहा प्रश्न विचारले असते, शेवटी आपलंच काहीतरी सुरू केलं असतं.

"चिडू नका," त्या हळूच म्हणाल्या. "पण मला तिथेच राहावं लागणार."

माळाची राखण करणारा म्हातारा काठी टेकत आला. "आलात ताई?"

"हो. ह्यांच्या शेजारची जागा आता अडवून ठेवू नका."

म्हातारा चपापला. "मग कुणाला देऊ?"

"लागेल त्याला द्या." मावशींनी ओलं फडकं पिळलं. "फक्त जरा बोलका माणूस बघा. ह्यांना गप्प बसवत नाही."

म्हाताऱ्याने मान हलवली आणि तो निघून गेला. मावशींनी चपला काढून बाजूला ठेवल्या आणि त्या मोकळ्या जागेवर कुशीवर आडव्या झाल्या, एक हात दगडाला लावून. बस यायला अजून वेळ होता.